चुकवायचा फ्री थ्रो

शनिवारी दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना ब्रँडेल कॉलेजच्या मुख्य कोच शेरिल नूनन यांनी आपला शेवटचा टाइम-आउट मागितला. फलकावर ब्रँडेल एकसष्ट, पाहुणा संघ केस्टरसन अठ्ठावन्न. चार सेकंद शिल्लक होते आणि बॉल केस्टरसनकडे होता.

पाचही मुली धापा टाकत बेंचवर बसल्या. नूननने छोटा फळा मांडीवर घेतला, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि ते दातांत तसंच धरून ती बोलू लागली.

"फाउल करायचा. तीन गुणांची बास्केट मारूच द्यायची नाही. कळलं?"

सगळ्यांना कळलं होतं. तीन गुणांनी पुढे असलेल्या संघाला शेवटच्या सेकंदांत एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटची. तिने बरोबरी होते. पण शॉट घेण्याआधीच खेळाडूला फाउल केला तर तिला दोन फ्री थ्रो मिळतात, एकेका गुणाचे. मग समोरच्यांना एकच वाट उरते. पहिला घालायचा आणि दुसरा मुद्दाम चुकवायचा. तोही असा, की बॉल रिंगला लागून परत उडेल आणि आपल्यातली कुणीतरी तो पकडून आत टाकेल. बॉल रिंगला लागलाच नाही तर शिट्टी वाजते आणि बॉल जातो. दुसराही आत गेला तर एका गुणाने हार ठरलेली.

"फाउल कुणाला?" केन्ना ट्रॅव्हिसने विचारलं. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि ती त्यावर थुंकी लावत होती.

"मारेन व्होंड्रा सोडून कुणालाही. अख्ख्या लीगमध्ये तिच्याइतके फ्री थ्रो कुणी घालत नाही."

सहायक कोच वेंडल क्रेब्स बेंचच्या टोकाला पाण्याच्या बाटल्यांपाशी उभा होता. संघातल्या मुलींचे शॉट सुधारणं हे त्याचं काम. टाइम-आउटमध्ये तो सहसा तोंड उघडत नसे. तो पुढे आला आणि नूननच्या खांद्यावरून वाकला.

"व्होंड्रालाच करा," तो म्हणाला.

नूननने तोंडातलं टोपण काढलं. "काय?"

"मारेनलाच. ती दोन्ही घालेल."

"तेच म्हणतेय ना मी!"

"दुसरासुद्धा घालेल. तिला चुकवता येत नाही."

 मागे बँडवाल्या मुलांनी ढोल सुरू केला होता.

"खात्री आहे?"

"मीच तिला ते शिकू दिलं नाही."

हा सामना हरलं तर ब्रँडेलचा हंगाम इथेच संपणार होता आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या चार मुलींचं बास्केटबॉलही. जिंकलं तर सहावा नंबर मिळून लीगच्या स्पर्धेत जागा मिळणार होती. नूननने मार्करचं टोपण घट्ट बसवलं.

"केन्ना, ऐकलंस? बॉल मारेनकडे जाऊ दे. आला की लगेच."

"मारेनला?" केन्नाने क्रेब्सकडे पाहिलं. ती आणि मारेन दोन वर्षं एकाच संघात खेळल्या होत्या. "कोच, तुम्ही बरे आहात ना?"

"जा," क्रेब्स म्हणाला.

मारेन व्होंड्रा ब्रँडेलला आली तेव्हा तिचा डावा अंगठा तिचा वैरी होता. बॉल उजव्या हातातून सुटायचा आणि सुटता सुटता डावा अंगठा त्याला किंचित ढकलायचा. बॉल तिरका गिरक्या घेत जायचा. हायस्कूलमध्ये हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तिथे ती इतरांपेक्षा हातभर उंच होती आणि तिला लांबून मारायची वेळच येत नसे. क्रेब्सने पहिल्याच दिवशी तिचा अंगठा आणि शेजारचं बोट पांढऱ्या चिकटपट्टीने एकत्र बांधून टाकलं. तो अख्खा हिवाळा त्याने तिला रिंगच्या पुढ्यात उभं करून एका हाताने बॉल टाकायला लावला. जवळून, पुन्हा जवळून. बाकीच्या मुली तिकडे लांबून बास्केटी मारायच्या आणि जाता-येता टोमणे हाणायच्या.

"मारेन, बालवाडीतून पहिलीत कधी गं जाणार?"

"कोच क्रेब्स पास करतील तेव्हा. तुम्ही बसा नापास."

सकाळी सहाला जिममध्ये दोघंच असत. ती मारायची. तो रिंगखाली उभा राहून बॉल परत द्यायचा, नेमका तिच्या उजव्या कमरेपाशी, जिथून हात वर उचलायचा तिथे. बोलणं जवळजवळ नसेच. शॉट पसंत पडला तर तो "हं" म्हणायचा. नाही पडला तर काहीच नाही. महिन्याभरात तिला त्या काहीच नाहीचे प्रकार कळू लागले. कोपर बाहेर गेलंय की पाय घाईत उचललाय, हे ती त्याच्याकडे न बघता ओळखायची आणि स्वतःच दुरुस्त करायची.

कधी कधी तीच काहीतरी काढायची.

"कोच, तुम्ही नाश्त्याला काय खाता?"

"सिरिअल."

"रोज?"

"रोज."

"अरे देवा! आईला सांगितलं तर रडेल ती."

मग सोमवारी ती घरून येताना 'कोलाचे' घेऊन आली, आलुबुखाराचा गर भरलेले गोल पाव, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेले. क्रेब्सने ते चार दिवस पुरवून खाल्ले. त्याची बायको त्याला सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती हंगामाच्या मध्यात गेली आणि क्रेब्सला हंगाम संपल्यावर कळलं, असं गावात अजूनही गमतीने सांगत. ते खरं नव्हतं, पण त्याने कधी खोडूनही काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी मारेनचे फ्री थ्रो चुकायचे थांबले. तीन टप्पे, एक श्वास, शॉट. घरच्या मैदानावर असो की पाहुणी म्हणून, समोर विद्यार्थी तिचं लक्ष उडवायला कागदी चेहरे हलवून ओरडत असोत की शुकशुकाट असो, टप्पे तीनच आणि श्वास एकच.

दर शुक्रवारी सराव संपताना क्रेब्स सगळ्यांना मुद्दाम चुकवायला लावायचा. तेही एक कसब आहे. बॉल सपाट आणि जोरात, रिंगच्या पुढच्या कडेवर. ना टप्पे, ना श्वास. पंचाने दिला की भिरकावायचा, म्हणजे हाताला विचार करायला वेळ मिळत नाही. मारेनला ते जमेना. बॉल सुटताना मनगट आपसूक वळायचं आणि बॉल जाळीत. मग तिने डोळे मिटून इतक्या जोरात मारला की तो मागच्या बोर्डवर आदळून थेट बाहेर गेला, रिंगला शिवलाही नाही. मुली जमिनीवर लोळून हसल्या.

"अगं, आमच्यासारखी मार! आम्ही तर न शिकता चुकवतो!"

क्रेब्सने तिला रांगेतून बाजूला घेतलं.

"तू हे करायचं नाहीस."

"पण कोच, सामन्यात वेळ आली तर?"

"दुसरी कुणी चुकवेल. तुझ्या हाताला मला दोन गोष्टी शिकवायच्या नाहीत."

तिला काहीतरी बोलायचं होतं. ती बॉल या हातातून त्या हातात फिरवत उभी राहिली, मग म्हणाली, "बरं." नूनन तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उंच मुलींना घेऊन बसली होती. हे दोघांतच राहिलं; मुलींना वाटलं, सकाळी सहाला ती तेही शिकत असेल. त्यानंतर दर शुक्रवारी, बाकीच्या चुकवत असताना, मारेन भिंतीपाशी उभी राहून बघायची.

गेल्या वसंतात ती केस्टरसनला गेली. हल्ली खेळाडू अशा जातात, दर वर्षी दोन-तीन. त्यात नवल राहिलेलं नाही. तिथला नर्सिंगचा अभ्यासक्रम चांगला आहे, असं तिने नूननला सांगितलं. क्रेब्सला कुणी सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊकच असणार असं प्रत्येकाने धरलं होतं. त्या सोमवारी सकाळी सहाला त्याने जिमचे दिवे लावले आणि रिंगखाली जाऊन उभा राहिला. सव्वासातला सफाईवाला आपलं यंत्र ढकलत आला.

"आज एकटेच, कोच?"

"हं," क्रेब्स म्हणाला आणि बॉलची गाडी कोठीत ढकलून आला.

त्यानंतर तिचा फोन नाही, निरोप नाही. त्यानेही केला नाही. काय विचारायचं ते त्याला सुचलं नव्हतं. हा सामना मात्र वेळापत्रकात होता, आणि ऑक्टोबरात वेळापत्रक हाती आल्यापासून तो या शनिवारकडे डोळे लावून होता. ती काहीतरी बोलेल, इतकीच अपेक्षा होती. आज सामन्याआधी दोन्ही संघ आपापल्या रिंगखाली शॉट मारत असताना केस्टरसनचा एक बॉल घरंगळत मधल्या रेषेपाशी आला. क्रेब्सने तो उचलला. समोर मारेन होती. त्याने बॉल दिला, तिच्या उजव्या कमरेपाशी. तिने तो घेतला, वळली आणि तिथूनच मारला. आत गेला.

"थँक्यू, कोच," ती रिंगकडे बघत म्हणाली.

हे काहीतरी बोलणं म्हणून तो मोजत होता की नाही, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. सामन्याची शिट्टी वाजली तेव्हा तो अजून मधल्या रेषेपाशीच होता.

टाइम-आउट संपला. केस्टरसनची एक मुलगी बॉल आत टाकायला रेषेबाहेर उभी राहिली. केन्ना मारेनपासून एक पाऊल मागे सरकली, जणू तिला विसरलीच. मारेन बाहेरच्या रेषेकडे धावत आली, बॉल तिच्या हातांत पडला आणि केन्नाने बॉलवर झडप घातल्याचं नाटक करत तिच्या मनगटावर चापट मारली. शिट्टी वाजली. घड्याळात दोन सेकंदही उरले नव्हते. केस्टरसनच्या बेंचवरून कुणीतरी टाळी वाजवलेली क्रेब्सने ऐकली. ती टाळी त्याला विचित्र वाटली, पण तेव्हा त्यावर विचार करायला सवड नव्हती.

मारेन फ्री थ्रोच्या रेषेवर आली. प्रेक्षकांतून पाय आपटण्याचा गडगडाट सुरू झाला. लाकडी बाकांच्या पायऱ्या हादरू लागल्या. तीन टप्पे. श्वास. बॉल जाळीतून खाली आला.

एकसष्ट, एकोणसाठ.

केस्टरसनची कोच मैदानाच्या कडेवर उभी राहून एका तळहाताने दुसऱ्यावर उभा वार करत होती: चुकव. त्यांच्या दोन उंच मुली रिंगच्या दोन बाजूंना गुडघे वाकवून तयार होत्या. पंचाने मारेनला बॉल दिला.

तिने एक टप्पा मारला.

चुकवणारी मुलगी टप्पा मारत नाही. क्रेब्सने नकळत मान खाली घातली, मग परत वर केली. दुसरा टप्पा. तिसरा. तिने श्वास घेतला, खांदे खाली आले, आणि बॉल उंच, सावकाश, सरळ फिरत गेला. रिंगला तो शिवलाही नाही. केस्टरसनच्या मुली हात वर करून उड्या मारत होत्या आणि बॉल त्यांच्या मधोमध, जाळीतून, जमिनीवर पडला.

ब्रँडेलने तो उचलून रेषेबाहेरून मैदानात टाकला, केन्ना तो छातीशी घेऊन कोपऱ्याकडे पळाली आणि भोंगा वाजला. एकसष्ट, साठ.

"वेंडल!" नूननने त्याच्या पाठीत दणका घातला. "म्हाताऱ्या, सैतान आहेस तू, सैतान!"

शेवटच्या वर्षाच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. कुणीतरी क्रेब्सच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्याने ते बाहीने पुसलं.

दोन्ही संघ रांगेने हात मिळवू लागले. मारेन केस्टरसनच्या रांगेत शेवटून दुसरी होती. तिचे डोळे लाल नव्हते. तिने केन्नाला क्षणभर कवेत घेतलं आणि केन्ना तिच्या कानात काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मग क्रेब्सची पाळी आली. तिचा तळहात त्याच्या तळहातावर टेकला आणि पुढे गेला.

"चांगला सामना, कोच."

नूननलाही ती तेच म्हणाली.

जिमच्या मागच्या बोळात, पॉपकॉर्नच्या टेबलापाशी, केस्टरसनच्या सहायक कोच डीना पार्डीने त्याला गाठलं. बुटकी, बोलघेवडी बाई. क्रेब्सला ती गेली दहा-बारा वर्षं ओळखत होती आणि त्याच्या वाटचंही तीच बोलायची. तिने कागदी पिशवी त्याच्यापुढे धरली. त्याने चार दाणे घेतले.

"क्रेब्स, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तिलाच फाउल करा, हे डोकं तुझं ना?"

"हो."

"का पण?"

"तिला चुकवता येत नाही."

पार्डीचा हात पिशवीतच थांबला. मग ती हसायला लागली. कुत्सितपणे नाही, मनापासून, जशी ती सगळ्यावरच हसायची.

"कोण, मारेन? अरे बाबा, आमच्यात चुकवण्यात तिचा पहिला नंबर आहे! आली त्याच आठवड्यात माझ्या दारात उभी. म्हणे, मला एवढं एक येत नाही, शिकवा. सप्टेंबरभर दुसरं काही मारलं नाही पोरीने. आता दहात नऊ वेळा रिंगच्या पुढच्या कडेवर. आणि उडून कुठे येणार तेही आधी सांगते, आमच्या उंच पोरी तिथे जाऊन नुसत्या उभ्या राहतात. तुमच्या केन्नाने तिला मारलं तेव्हा मी टाळी वाजवली. मला वाटलं, देव पावला. अख्ख्या संघात दुसरी कुणी असती तर मी डोळेच मिटून घेतले असते."

क्रेब्सच्या हातात पॉपकॉर्नचा एक दाणा उरला होता. तो त्याने खाल्ला नाही, टाकलाही नाही.

"मग आज?" त्याने विचारलं.

"तेच विचारायला आले ना तुझ्याकडे! तू तिला आतून-बाहेरून ओळखतोस. काय झालं तिला?"

"ती काय म्हणाली?"

"आमच्या कोचबाईंनी विचारलं. 'सॉरी' म्हणाली. बस, एवढंच. बाईही जास्त बोलल्या नाहीत. आमचा तिसरा नंबर तसाही पक्का होता, हरलो तरी काही बिघडलं नाही." बाहेर बसचा हॉर्न वाजला. पार्डीने पिशवी त्याच्या हातात कोंबली. "घे, संपव. वाळत चाललायस."

क्रेब्स मागच्या दारापर्यंत गेला. वाहनतळाच्या कडांना साठलेला बर्फ काळा पडला होता. केस्टरसनची बस मागे सरकली, वळली आणि धान्याच्या कोठारांच्या बाजूने हमरस्त्याला लागली. काचा गडद होत्या. आतलं काही दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी लीगने स्पर्धेच्या जोड्या जाहीर केल्या. तिसऱ्या नंबरचा संघ सहाव्याशी खेळणार होता. म्हणजे केस्टरसन विरुद्ध ब्रँडेल, पुन्हा, गुरुवारी.

रविवारी क्रेब्सने सामन्याचं चित्रण पाहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, आवाज बंद करून. कॅमेरा बाकांच्या सर्वांत वरच्या पायरीवरून, मागून लावलेला होता. मारेनची पाठ दिसत होती, पाठीवरचा आकडा, आणि तिसऱ्या टप्प्यानंतर खाली येणारे खांदे. ती श्वास घेताना कुठे बघत होती ते त्यात नव्हतं. ब्रँडेलचं बेंच तिच्या उजव्या हाताला होतं. त्याने तो तुकडा पुन्हा लावला. सवयीने झालं असं म्हणता येत होतं. पाय आपटण्याचा तो गोंगाट, जुनं जिम, जुनी रिंग, आणि हाताने जुनंच काहीतरी केलं. मुद्दाम केलं असंही म्हणता येत होतं. मुद्दाम केलं असेल तर का, याची दोन-तीन उत्तरं त्याला दिसत होती, आणि त्यातलं एक इतकं चांगलं होतं की त्यावर क्रेब्सचा विश्वास बसेना. उरलेल्यांवर बसत होता.

फोनमध्ये तिचा नंबर होता. त्याने तो काढला. मग फोन पालथा ठेवला आणि मोरीतली वाटी आणि चमचा धुऊन टाकला.

मंगळवारी सराव संपल्यावर नूननने मुलींना फळ्यापुढे बसवलं. मुली शनिवारपासून हवेत होत्या.

"कोच क्रेब्स, लॉटरीचे आकडे पण सांगा ना!"

"माझा बॉयफ्रेंड खरं बोलतो की खोटं, तेवढं सांगा, कोच."

"त्यासाठी कोच कशाला हवेत," केन्ना म्हणाली, "ते मीच सांगते."

"पुरे," नूनन म्हणाली, पण तीही हसत होती. तिने फळ्यावर फुल्या आणि गोल काढले. "समजा, पुन्हा तीच वेळ आली. आपण तीनने पुढे, बॉल त्यांच्याकडे, हातात थोडे सेकंद. व्होंड्रा समोर आहे. वेंडल, पुन्हा तिलाच?"

सगळ्या माना वळल्या. क्रेब्स बॉलच्या गाडीला टेकून उभा होता. पार्डीचं बोलणं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं: तिला चुकवता येतं, शनिवारी मी चुकीचं सांगितलं होतं. त्यावर कुणी रागावलं नसतं. जिंकलेल्या सामन्याबद्दल कुणी रागावत नाही. दुसऱ्या कुणाला तरी फाउल करायचं ठरलं असतं आणि प्रश्न मिटला असता.

"मला थोडा वेळ दे," तो म्हणाला.

"शनिवारी तर तुला श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही!"

मुली खिदळल्या. क्रेब्सनेही हसल्यासारखं केलं.

मुली अंघोळीला गेल्यावर नूनन फळा पुसता पुसता म्हणाली, "काही झालंय का?"

"नाही."

"त्या पार्डीशी बोलत होतास मागे. काय म्हणत होती?"

"घाईत होती. बस निघायची होती."

नूननने डस्टर झटकला, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दिवे मालवताना मधली रांग तेवढी त्याच्यासाठी चालू ठेवून गेली.

क्रेब्सने गाडीतून एक बॉल घेतला. तो स्वतः फारसा मारत नसे. वीस वर्षं त्याची जागा रिंगखाली होती. तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. तीन टप्पे मारले, श्वास घेतला आणि चुकवण्याच्या इराद्याने मारला. बॉल रिंगवर आदळून उडाला आणि लांब पळाला. तो जाऊन घेऊन आला. पुन्हा तीन टप्पे, श्वास, तोच इरादा. या वेळी आत गेला. तो बराच वेळ मारत राहिला. काही आत गेले, काही गेले नाहीत. त्याचं मनगट काही तिचं मनगट नव्हतं. घाम आला तेव्हा त्याने थांबून चष्मा पुसला आणि मग लक्षात आलं, की आत गेलेल्या शॉटपैकी प्रत्येकाला तो मनातल्या मनात, आधी, आत जाताना बघत होता.

बुधवारी सकाळी आठला ब्रँडेलची बस निघाली. मुली मागे झोपल्या होत्या, कानांत गाणी, अंगावर गोधड्या. केन्नाचे पाय सीटबाहेर आले होते. क्रेब्स पहिल्या रांगेत नूननच्या शेजारी बसला. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याचे खुंट बर्फातून डोकं काढून होते. पहिला तासभर नूनन केस्टरसनच्या उंच मुलींबद्दल बोलत होती आणि क्रेब्स मान डोलावत होता.

एल्डनचा फाटा ओलांडल्यावर तिने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मग? वेळ आली तर धरायचं तिला?"

क्रेब्सने काचेवर धरलेली वाफ बाहीने पुसली.

"पोहोचायला अजून दोन तास आहेत," तो म्हणाला.

नूननने पेला परत उचलला. बस मुक्कामी साडेअकराला पोहोचली. तोवर तिने पुन्हा विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. सामना गुरुवारी दुपारी एकला सुरू होईल.